संस्थेची चावी कुणाच्या खिशात? वक्फ पोर्टलपासून शालार्थपर्यंत एका लॉगिनचा प्रश्न

6 डिसेंबर 2025 रोजी 'उमीद' पोर्टलवर वक्फ मालमत्तांची नोंद करण्याची मुदत संपली. केंद्र सरकारने जाहीर केलेले आकडे असे: देशभरात 5,17,040 मालमत्तांची नोंद सुरू झाली, त्यांपैकी 2,16,905 मंजूर झाल्या, 2,13,941 सादर होऊन तपासणीच्या रांगेत राहिल्या आणि 10,869 नामंजूर झाल्या. आता वजाबाकी करून पाहा. 75 हजारांवर नोंदी अशा उरतात की ज्या कुणीतरी उघडल्या, अर्ध्यामुर्ध्या भरल्या, पण सादरच झाल्या नाहीत.

या 75 हजारांबद्दल आम्हाला जास्त कुतूहल आहे. ज्यांनी सुरुवातच केली नाही त्यांची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. ज्यांनी सुरुवात केली ते मध्येच का थांबले? सर्व्हर रडत होता हे खरं. जुने कागद उर्दूत, फारसीत किंवा मोडीत, जमिनीचे माप वेगळे, गट नंबर बदललेले, हेही खरं. पण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मुतवल्ली आणि विश्वस्तांशी बोलताना आम्हाला आणखी एक कारण पुन्हा पुन्हा ऐकू आलं, आणि ते एकदम साधं आहे. ओटीपी दुसऱ्याच्या मोबाईलवर जात होता.

म्हणजे काय, तर सुरुवातीला नोंद करायला एक जाणता पोरगा बसला. त्याने आपलाच मोबाईल नंबर टाकला, आपलाच ईमेल टाकला. पंधरा दिवसांनी तो कामासाठी सुरतला निघून गेला. मग प्रत्येक वेळी आत जायचं म्हटलं की त्याला फोन, तो ड्युटीवर, ओटीपीची वेळ संपलेली. एका गावात तर नंबर माजी सेक्रेटरींचा होता आणि नव्या कमिटीचे व त्यांचे बोलणेच बंद! मालमत्ता अल्लाहच्या नावाने वक्फ केलेली, दीडशे वर्षांपूर्वीची, आणि तिच्या नोंदीची चावी दोन गटांच्या भांडणात अडकलेली.

हसू येण्यासारखं आहे, पण हसून सोडून देण्यासारखं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबरला सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. न्यायाधिकरणासमोर "ओटीपी सुरतला गेला होता" हे कारण कितपत चालेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हा प्रश्न फक्त वक्फचा असता तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. आपल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शैक्षणिक संस्थेचा कारभार डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या माहितीसाठी यूडायस, शिक्षकांच्या पगारासाठी शालार्थ, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, धर्मादाय आयुक्तांकडे ऑनलाइन हिशेब, आयकर, भविष्यनिर्वाह निधी, बँक. वर संस्थेचं स्वतःचं सॉफ्टवेअर: प्रवेश, फी, ग्रंथालय, परीक्षा. मोजले तर पंधरा-वीस लॉगिन सहज होतात. ते सगळे कुठे असतात? क्लार्कच्या डायरीत. किंवा संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. पासवर्ड बहुतेक ठिकाणी एकच, शाळेचं नाव आणि पुढे 123. क्लार्क रजेवर गेला की संस्था रजेवर.

त्यातून काय होऊ शकतं, याची उदाहरणं आपल्या राज्यातच आहेत. 2025 मध्ये नागपुरातून शालार्थ आयडी घोटाळा बाहेर आला. पात्र नसलेल्या शेकडो लोकांच्या नावे शालार्थ आयडी तयार झाले आणि सरकारी तिजोरीतून पगार निघू लागले. चौकशी पुढे राज्यभर गेली, विशेष तपास पथक नेमावं लागलं. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. पण घोटाळ्याची वाट लॉगिनमधून गेली, आणि लॉगिनमागे नेमका कोणता माणूस बसला होता हे शोधण्यात तपास यंत्रणेचा घाम निघाला.

वर्षाच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीचं प्रकरण आलं. गावाची वस्ती दीड हजारांच्या आसपास आणि काही महिन्यांत त्या गावच्या नावावर 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी! ग्रामपंचायतीचा जन्म-मृत्यू नोंदणीचा आयडी कुठून तरी भलत्याच ठिकाणाहून वापरला जात होता. असल्या प्रकरणांत पैसा कुणीतरी तिसराच कमावतो आणि संशय येऊन बसतो तो गरिबाच्या कागदावर. धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर मालेगाव आहे. उशिरा झालेल्या जन्मनोंदींवरून तिथे 2025 सालात काय काय झालं, किती खऱ्या लोकांना आपलं खरेपण सिद्ध करत फिरावं लागलं, हे खान्देशातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आणि आपल्या घराला सर्वांत जवळचं उदाहरण शिष्यवृत्तीचं. 2020 मध्ये झारखंडमध्ये उघड झालेल्या अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घोटाळ्यात दलालांच्या हाती शाळांचे लॉगिन आणि पासवर्ड होते. 2023 मध्ये केंद्राने तपासलेल्या 1,572 संस्थांपैकी 830 संस्थांमध्ये गैरप्रकार आढळल्याचं सांगण्यात आलं, 144.83 कोटींच्या नुकसानीचा आकडा दिला गेला आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. त्यानंतर संस्थाप्रमुख आणि नोडल अधिकाऱ्यांचं बायोमेट्रिक पडताळणीचं बंधन आलं. चोर किती सापडले ते सोडा. खऱ्या विद्यार्थ्यांच्या पडताळण्या मात्र लांबल्या. आपल्या मुलामुलींचा हक्काचा पैसा उशिरा येतो, तेव्हा त्याच्या मुळाशी कुठेतरी कुणाच्या तरी निष्काळजीपणे दिलेला पासवर्ड असतो.

एक खिडकी, एक शिक्का

मोठ्या कंपन्यांनी हा प्रश्न वीसेक वर्षांपूर्वीच एका पद्धतीने सोडवायला घेतला. तिला 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात. आम्ही त्याला सरळ 'एक-लॉगिन' म्हणू. गंमत अशी की आपल्यापैकी बहुतेक जण ती रोज वापरतात. एखाद्या अॅपवर "गूगलने साइन इन करा" असं बटण येतं ना, तीच ही पद्धत, घरगुती रूपात.

ती चालते कशी? बाजार समितीच्या आवारात शिरताना गेटवर पास मिळतो, तसं समजा. गेटवरचा माणूस तुम्हाला ओळखतो, कागद तपासतो आणि शिक्का मारलेला पास देतो. आतला प्रत्येक आडत्या तुमचा आधार पुन्हा मागत नाही, पास आणि शिक्का पाहतो. संगणकात गेटचं काम करणारी एकच यंत्रणा असते, तिथेच पासवर्ड आणि दुसरी खूण तपासली जाते. मग ती यंत्रणा डिजिटल सही केलेली एक चिठ्ठी देते: हा अमुक माणूस आहे, चिठ्ठी तमुक सॉफ्टवेअरसाठीच आहे, आणि इतक्या मिनिटांपर्यंतच चालेल. फी-सॉफ्टवेअर, ग्रंथालय, परीक्षा विभाग, सगळे ती चिठ्ठी पाहून दार उघडतात. महत्त्वाची गोष्ट अशी की पासवर्ड या कुणाकडेच जात नाही. उद्या फी-सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा सर्व्हर फुटला तरी आपल्या शिक्षकांचे पासवर्ड तिथे सापडणार नाहीत, कारण ते तिथे कधी नव्हतेच.

या चिठ्ठ्यांच्या दोन भाषा जगभर चालतात. 'सॅमल' नावाची जुनी, तिची दुसरी आवृत्ती 2005 ची. आणि 'ओपनआयडी कनेक्ट' ही नवी, 2014 ची, मोबाईल अॅपना सोयीची. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या माणसाला एवढंच विचारायचं: तुमचं सॉफ्टवेअर या दोनपैकी कोणती भाषा बोलतं? तो गोंधळला तर समजून जा.

हे काही अमेरिकेचं नवल नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'इन्फेड' ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे: विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या खात्याने एकदा ओळख पटवायची आणि वेगवेगळ्या प्रकाशकांची नियतकालिकं वाचायची. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये 'मेरी पहचान' सुरू केलं, त्यात डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जनपरिचय या तिन्ही ओळखी एका छताखाली आणल्या. डिजिलॉकरच्या खात्यातून बऱ्याच सरकारी सेवांमध्ये थेट शिरता येतं ते त्यामुळेच.

सोय आणि धोका एकाच दारातून

आता उलट बाजू. एका चावीने सगळी दारं उघडत असतील तर ती चावी हरवल्यावर सगळं घर उघडं. ही नुसती भीती नाही. जुलै 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने कबूल केलं की हल्लेखोरांनी त्यांची सही करण्याची एक गुप्त चावी मिळवली, तिने बनावट चिठ्ठ्या तयार केल्या आणि सुमारे 25 संस्थांच्या ईमेलमध्ये शिरले. त्यात अमेरिकन सरकारची खातीही होती. पासवर्ड कुणाचाच चोरला नव्हता. थेट शिक्काच चोरला होता.

म्हणून एक-लॉगिन बसवायचं तर नीट बसवायचं, नाहीतर डायरी बरी! नीट म्हणजे काय, यावर थोडं थांबतो, कारण इथेच संस्था फसतात.

पहिली गोष्ट दुसऱ्या खुणेची. नुसत्या पासवर्डवर सगळी दारं उघडू द्यायची नाहीत. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम दुसऱ्याच्या नावे काढून घेणं आणि फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणं हे धंदे आपल्याकडे जोरात आहेत. मोबाईलमधलं ऑथेंटिकेटर अॅप त्याहून चांगलं. त्याहूनही चांगली 'पासकी', कारण ती खोट्या वेबसाइटवर चालतच नाही. सगळ्या शिक्षकांना एकदम जमणार नाही. पण ज्यांच्या हातात पैसा, गुण आणि दाखले आहेत त्यांना तरी पासकी लावाच.

दुसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची: माणूस गेला की दार बंद. निवृत्त झालेले मुख्याध्यापक, सोडून गेलेला लेखनिक, बदललेला विश्वस्त यांची खाती वर्षानुवर्षं उघडी राहतात. एक-लॉगिनचा खरा फायदा पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या सोयीत नाही. एका ठिकाणी एक खातं बंद केलं की नव्या लॉगिनसाठी पंधरा दारं एकदम बंद होतात, यात आहे. मात्र जी सॉफ्टवेअरं आधीच आत आलेल्या माणसाला दिवसेंदिवस बाहेर काढत नाहीत, त्यांची मुदत कमी करून घ्यावी लागते. हे विक्रेता स्वतःहून सांगत नाही.

बसवणाऱ्याकडून होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. चिठ्ठी परत कुठल्या पत्त्यावर पाठवायची तो पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. "काहीही चालेल" अशी मोकळीक ठेवली तर चोर चिठ्ठी आपल्या दारी वळवतो. सॉफ्टवेअरने सही तपासली पाहिजे, चिठ्ठी आपल्यासाठीच आहे का ते पाहिलं पाहिजे, मुदत पाहिली पाहिजे. शिवाय सहीच्या प्रमाणपत्राला स्वतःची मुदत असते. ती संपली की एके दिवशी सकाळी अख्खी संस्था बाहेर उभी राहते, नेमकी दहावीच्या फॉर्मच्या दिवसांत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, एवढंच. आणि मुख्य यंत्रणा बंद पडली तर आत जायला एक आणीबाणीचं खातं, त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, लिफाफा संस्थेच्या तिजोरीत, वर दोघांच्या सह्या.

खर्चाची धास्ती बऱ्याच जणांना वाटते. मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांना गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही शैक्षणिक खात्यांची मूळ योजना मोफत आहे, आणि त्यातच एक-लॉगिनची सोय येते. संस्थेच्या नावाचा वेबपत्ता वर्षाला साधारण हजार-पंधराशेत मिळतो. ज्यांना परदेशी कंपनीवर विसंबायचं नाही त्यांच्यासाठी 'कीक्लोक' हे मोफत मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. जळगाव-धुळ्यातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांतून आपली मुलंमुली दरवर्षी बाहेर पडतात, पुण्यात अशीच कामं करतात. ईदला घरी येतात तेव्हा त्यांना बिर्याणीबरोबर हेही काम द्या.

जिथे आपलं काही चालत नाही

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उमीद, शालार्थ, यूडायस, शिष्यवृत्ती पोर्टल ही सरकारची दारं आहेत. ती आपल्या संस्थेच्या एक-लॉगिनला जोडता येत नाहीत. तिथे उपाय तांत्रिक नाही, कारभाराचा आहे. ट्रस्टच्या नावाने एक सिम घ्यायचं. ते सिम असलेला साधा मोबाईल कार्यालयात राहील. संस्थेच्या वेबपत्त्यावर पदाच्या नावाने ईमेल: सेक्रेटरी, मुख्याध्यापक, मुतवल्ली. माणूस बदलला तरी ईमेल तोच. प्रत्येक लॉगिन कुणाकडे आहे याचा ठराव करून इतिवृत्तात नोंद, आणि पदभार देताना दप्तराबरोबर लॉगिनचीही यादी. ज्या मस्जिद ट्रस्टला शैक्षणिक सवलत लागू नाही त्यांनी पैसे देऊन दोन-तीन ईमेल खाती घेतली तरी भागतं.

उमीदची रचना पाहिली तर तिच्यात एक शहाणपण आहे, ते नाकारायचं कारण नाही. माहिती भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. कायद्यावर आपले आक्षेप आहेत, ते न्यायालयात आहेत, 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशाने काही तरतुदींना स्थगितीही मिळाली. पण भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा हवा, हे तत्त्व आपल्या अंजुमनच्या फी-हिशेबातही असायला हवं. आपल्याकडे मात्र बिल बनवणारा, मंजूर करणारा आणि पैसे पाठवणारा एकच पासवर्ड असतो.

"आमच्यात विश्वास आहे, हे कशाला?" असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांचा आम्ही आदर करतो. पण विश्वासाची व्याख्या आपल्याकडे फार पूर्वी ठरलेली आहे. मक्का विजयाच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाची चावी उस्मान बिन तल्हा (रजि.) यांच्याकडून घेतली आणि त्यांनाच परत दिली. सूरह निसाच्या 58 व्या आयतीचा, अमानत तिच्या हक्कदाराला परत करण्याच्या आदेशाचा संबंध भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. ती चावी आजही त्याच घराण्याकडे आहे. चावी कुणाकडे आहे हे जगाला माहीत असणं, हाच त्या अमानतीचा भाग. डायरीतल्या पासवर्डबद्दल असं म्हणता येईल का?

चावीचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तर अगदी लोखंडी स्वरूपात येऊन गेला आहे. एरंडोलच्या जुम्मा मस्जिदीच्या वादात एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवाराच्या मुख्य दरवाजाची चावी नगरपरिषदेकडे राहील आणि पहाटेच्या नमाजपूर्वी दार उघडायला परिषदेने माणूस पाठवावा, असं सांगितलं. त्या आदेशाची आठवण असलेल्या माणसाला चावी कुणाकडे आहे हा प्रश्न किरकोळ वाटणार नाही.

घरासाठी दोन गोष्टी. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता, आणि कितीतरी घरांत आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला निघाला. आधारला, डिजिलॉकरला, बँकेला कोणता नंबर आहे हे घरातल्या प्रत्येकाचं एकदा तपासून घ्या. जो नंबर रिचार्ज होत नाही तो काही महिन्यांत दुसऱ्याला दिला जातो. आणि सेवा केंद्राच्या संगणकावर पासवर्ड "सेव्ह" करू देऊ नका, काम झालं की लॉगआउट झालंय ना ते स्वतः पाहा. केंद्रवाला भला माणूस असेलही, पण त्याच्या खुर्चीत दिवसभरात शंभर जण बसतात.

एक शंका सुशिक्षित तरुण विचारतात, आणि ती रास्त आहे. सगळ्या सरकारी सेवांना एकच ओळख झाली तर कोण कधी कुठे शिरला हे एकाच ठिकाणी कळणार नाही का? कळू शकतं. गेटवरच्या माणसाला प्रत्येक आडत्याकडे कोण गेलं हे दिसतं, तसंच. प्रत्येक सेवेला त्याच माणसाची वेगळी ओळख-संख्या देण्याची सोय या तंत्रात आहे, पण ती सेवा-सेवांमध्ये जुळवणी थांबवते, गेटला आंधळं करत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं, आणि व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आता नियमांसह आला आहे, त्यात सरकारला दिलेल्या सवलती मोठ्या आहेत. म्हणून आमचं मत असं: संस्थेच्या आत एक-लॉगिन जरूर करा, कारण तिथे गेटवर तुमचाच माणूस आहे. सरकारच्या एक-लॉगिनचा सोयीपुरता वापर करा, आणि जिथे साधा वेगळा मार्ग उपलब्ध आहे तिथे तो बंद होऊ देऊ नका.

सध्याचं तातडीचं काम मात्र वेगळंच आहे. उमीदवर सादर होऊन तपासणीत अडकलेल्या दोन लाखांवर नोंदींत खान्देशातल्या मस्जिदी, कब्रस्तानं आणि ईदगाह असतीलच. त्रुटी निघाली तर विचारणा नोंदवलेल्या खात्यावरच येणार, म्हणजे नोंद करताना जो मोबाईल आणि ईमेल टाकला तिथेच. या जुम्म्याच्या नमाजनंतर कमिटीने पाच मिनिटं बसून एवढं शोधावं की तो नंबर कुणाचा आहे, तो चालू आहे का, आणि त्या ईमेलमध्ये न वाचलेलं काही पडलं आहे का.